उतारा

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावच्या रेशन दुकानावर लाल दाण्याची ज्वारी आली. तिला सगळे 'मिलो' म्हणायचे. मी तेव्हा अकरा वर्षांचा. माय दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून यायची आणि संध्याकाळी परातीत मिलोचं पीठ घेऊन बसायची. पिठाला चिकटा नव्हता. थापताना भाकरीच्या कडा फाटायच्या, परातीतून तव्यावर जाईस्तोवर तिचे दोन तुकडे व्हायचे आणि माय अमेरिकेच्या नावानं बोटं मोडायची. तिकडं हे डुकरांना घालतात, असं गावात जो तो सांगायचा. खाल्लं मात्र सगळ्यांनी.

त्या मिलोचं आणि आपल्या हायब्रीड ज्वारीचं नातं रक्ताचं आहे, तेही आईकडून, हे मला कळायला पुढची तीसेक वर्षं लागली. त्यातली वीस तर मी हायब्रीड ज्वारीचेच प्लॉट तपासण्यात घालवली होती.

प्लॉट म्हणजे बिनशेतीची जागा नव्हे. जालन्याकडं प्लॉट म्हटलं की सीड प्लॉट, बियाण्याचं शेत. 'औंदा कशाचा प्लॉट?' असं बांधावर विचारायचं आणि 'ज्वारीचा' किंवा 'कपाशीचा' या उत्तरावरून समोरच्याच्या विहिरीला पाणी किती, घरात कामाची माणसं किती, याचा अंदाज बांधायचा. कपाशीच्या प्लॉटला माणसं लागायची, कारण तिथं मादीच्या प्रत्येक कळीतले पुंकेसर नखानं सोलून काढावे लागत. ज्वारीच्या फुलाशी तसं करता येत नाही. एका कणसात हजारांनी फुलं, प्रत्येक तांदळाच्या कणीएवढं. कोण सोलणार? म्हणून ज्वारीला असं मादी वाण लागतं, ज्याच्या पुंकेसरात मुळातच दम नसतो. सगळा धंदा त्या एका उणेपणावर उभा आहे.

देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, १९६४ साली आली. त्याच साली जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी काढली, जिला लोक महिको म्हणतात. त्याआधी ते पुसा सावनी या भेंडीचं बी तयार करून विकत. राष्ट्रीय बीज निगम १९६३चं, बियाणे कायदा १९६६चा, अकोल्याचं महाबीज १९७६चं. दहा-बारा वर्षांत बियाण्याचा सगळा संसार मांडला गेला. वसंतराव नाईकांच्या काळात हायब्रीडचा प्रचार इतका जोरात होता की हा इंग्रजी शब्द शाळेची पायरी न चढलेल्यांच्याही तोंडी बसला, आणि बसल्यावर त्यानं स्वतःचा अर्थ काढला: दिसायला टपोरं, आतून पोकळ. आमच्या पिढीला म्हातारी माणसं 'हायब्रीड पोरं' म्हणायची. सीएसएच-१ बद्दलचा राग अगदीच खोटा नव्हता. गावरान खरीप ज्वारी डोक्यावरून जाणारी, तिचा कडबा बैलांना वर्षभर पुरायचा. ही छातीएवढी, तीन-साडेतीन महिन्यांत काढणीला यायची आणि नेमकी परतीच्या पावसात सापडायची. कणसं काळी पडायची. भाकरीला कडवट वास. पण पोतं भरायचं, आणि बहात्तरनंतर पोतं भरणं ही लहान गोष्ट राहिली नव्हती.

मी १९८४ साली बीज प्रमाणीकरणाच्या कामावर निरीक्षक म्हणून रुजू झालो. सोबत सायकल, काळ्या पुठ्ठ्याची डायरी, आणि कृषी पदविकेत शिकलेलं थोडंसं. तोवर सीएसएच-१ मागे पडून सीएसएच-५ आणि सीएसएच-९ आल्या होत्या. दोघींचा बाप एकच, सीएस ३५४१ नावाचा नर वाण. सीएसएच-६ चाही तोच. आया वेगवेगळ्या: २०७७ए, २२१९ए, २९६ए. माणसांना अशी नावं असती तर आमच्या गावात लग्नं जुळवणाऱ्याची पंचाईत झाली असती, पण प्लॉटवाल्या शेतकऱ्यांना ती तोंडपाठ असत.

प्लॉट बहुतेक रब्बीत, विहिरीवर. कोरड्या हवेत बी स्वच्छ निघतं. मादीच्या चार ओळी, नराच्या दोन, पुन्हा मादीच्या चार, आणि चहूबाजूंनी नराचा वेढा. नराच्या ओळी चुकू नयेत म्हणून टोकाला खुंट्या. दुसरी ज्वारी दोनशे मीटरच्या आत नको. आणि बरू, ते नदीकाठचं ज्वारीचं रानटी भावंड, ते तर चारशे मीटरच्या आत नको. हे अंतर मी पावलांनी मोजायचो आणि शेजाऱ्यांची भांडणं कानांनी. एकाच्या प्लॉटसाठी दुसऱ्यानं आपल्या पट्टीत ज्वारी पेरू नये, हे सांगायचं कुणी?

पहिल्याच हंगामात मी चुकलो. तेव्हा फुलोऱ्यात दोन तपासण्या असत, त्यातली एक मी दुपारी तीन वाजता केली, कारण सकाळी दुसऱ्या गावाला गेलो होतो. मादीच्या ओळींतून फिरलो. कणसांवर सुकलेले तपकिरी पुंकेसर लोंबत होते, सगळे सारखे. 'ठीक' असा शेरा मारला. बांधावर निंदणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली म्होरकी, जिला सगळे मावशी म्हणत, हसून म्हणाली, "सायेब, सकाळी येत जावा. दुपारी समदे सारखेच दिसतेत."

मी ते थट्टेवारी नेलं. पुढच्या खरिपात त्या लॉटचं बी घेतलेला एक शेतकरी बुटक्या ज्वारीची मोळी बांधून आमच्या दारात आला. त्याच्या शेतात उंच हायब्रीडच्या मधे मधे ही खुजी झाडं उगवली होती. मादी ओळींत शेडर होते आणि मी ते पाहिले नव्हते.

शेडर म्हणजे काय, ते मावशीनं मला त्यानंतरच्या रब्बीत दाखवलं. पहाटे, दव असताना. ज्वारीचं फूल रात्री उशिरा, पहाटे उमलतं. तिनं दोन कणसं वाकवली. पहिल्याचे पुंकेसर पांढुरके, चपटे, पावसात भिजलेल्या तांदळाच्या फोलपटासारखे. दुसऱ्याचे भरलेले, पिवळेधमक. वाण तेच, उंची तीच, पान तेच. तिनं माझ्या हातातली डायरी ओढून घेतली, काळा पुठ्ठा कणसाखाली धरला आणि कणसाला टिचकी मारली. पहिल्याखाली काही पडलं नाही. दुसऱ्याखाली हळद सांडावी तशी भुकटी. "ह्यो उपटायचा," ती म्हणाली आणि मुळासकट उपटून, शेंडा खाली करून, बांधापलीकडं टाकून आली. तिच्या हातून चार एकरांत हजारी एकापेक्षा जास्त शेडर कधी सुटले नाहीत. कायद्याची मर्यादा तीच आहे, पण तिला ती कुणी सांगितलेली नव्हती.

हा शेडर मादीचा जुळा भाऊ. बियाण्याच्या धंद्यात तीन वाणं लागतात, ए, बी आणि आर. ए म्हणजे मादी, पराग नसलेली. तिला स्वतःचं बी धरता येत नाही, मग ती पुढच्या वर्षी पेरायला आणायची कुठून? त्यासाठी बी वाण. हुबेहूब ए सारखाच, फक्त पराग असलेला. ए वर बी चा पराग पडला की पुन्हा ए मिळते, पुन्हा वांझ. आणि आर, म्हणजे प्लॉटातला खरा नर. त्याचा पराग पडला की निघणारं बी हायब्रीड, आणि त्या हायब्रीडच्या कणसात पराग परत भरलेला. तो भरला नाही तर शेतकऱ्याच्या शेतात नुसती फोलपटं. ए च्या पिशवीत बी चे चार दाणे मिसळले की झाला शेडर.

बी चा पराग मादीचा दोष झाकत नाही आणि आर चा झाकतो, हे आम्ही पाठ केलं होतं. का, हे कुणी विचारलं नाही. प्रशिक्षणात एकदा मी विचारलं तर फळ्यावर मोठा 'आर' आणि लहान 'आर' लिहून दाखवला. नाव घेतलं की कारण सांगितल्यासारखं वाटतं, हा आमच्या सगळ्याच प्रशिक्षणांचा गुण.

कारणाचा पहिला अर्धा भाग टेक्ससच्या उत्तरेला, चिलिकॉथी नावाच्या गावच्या संशोधन केंद्रात सापडला होता. जे. सी. स्टीफन्स आणि आर. एफ. हॉलंड यांनी १९५४ साली तो छापला. त्यांच्याकडं अमेरिकेत रुळलेल्या दोन आफ्रिकी ज्वाऱ्या होत्या: पूर्व आफ्रिकेकडची मिलो आणि दक्षिणेकडची कॅफिर. दोन्ही धडधाकट, दोन्हींच्या कणसांत भरपूर पराग. कॅफिर आई आणि मिलो बाप असा संकर केला तर पुढच्या पिढ्यांत काही बिघडत नव्हतं. उलट केला, म्हणजे मिलो आई आणि कॅफिर बाप, आणि त्या लेकींवर पुन्हा पुन्हा कॅफिरचाच पराग टाकत गेलं, की पराग नसलेली झाडं निघत. पिढ्यांमागून पिढ्या असं केलं की झाड दिसायला पूर्ण कॅफिर होतं, केंद्रकातलं सगळं कॅफिरचं. फक्त पेशीद्रव्य, जे बीजांडातून म्हणजे आईकडूनच येतं, ते मिलोचं राहतं. तीच ए.

आता मिलोकडं पाहा. मिलोमध्ये पेशीद्रव्यही मिलोचंच, तरी तिच्यात पराग कसा? कारण दुखणं मिलोच्या पेशीद्रव्यात होतं आणि त्या दुखण्यावरचा उतारा मिलोच्याच केंद्रकात होता. दोन्ही एकाच घरात, म्हणून हजारो वर्षं कुणाला पत्ता नव्हता. कॅफिरला दुखणंच नव्हतं, म्हणून तिनं उताराही बाळगला नव्हता. स्टीफन्स-हॉलंडनी मिलोचं दुखणं तेवढं कॅफिरच्या अंगात सोडलं आणि उतारा मागं ठेवला. बियाण्याचा उद्योग एवढंच करतो: एका शेतात दुखणं सांभाळतो, दुसऱ्यात उतारा, आणि शेतकऱ्याच्या पिशवीत दोघांची गाठ घालून देतो.

ही युक्ती लवकरच समुद्र ओलांडून आली. सीएसएच-१ ची आई सीके ६०ए, म्हणजे कम्बाइन कॅफिर ६०. कम्बाइन यंत्रानं कापता यावी म्हणून बुटकी केलेली कॅफिर, पोटात मिलो. नंतरच्या आयाही त्याच मिलोच्या पेशीद्रव्यावर बांधलेल्या. हे मी घरी सांगितलं तेव्हा माय पंच्याहत्तरीला टेकली होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी जलमभर मिलोच खाल्ली का रं आपण?"

सगळ्यांची आई एक असली की काय होतं, याचा धडा अमेरिकेला १९७० साली मिळाला होता, पण मक्यात. तिथल्या हायब्रीड मक्यापैकी सुमारे ८५ टक्के मका एकाच वांझ पेशीद्रव्यावर उभा होता, ज्याचं नाव टेक्सस. त्या पेशीद्रव्यातल्या मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या चुलीत, एक आगंतुक जनुक होतं. त्याचं प्रथिन चुलीच्या भिंतीत जाऊन बसायचं. पानांवर करपा पाडणाऱ्या एका बुरशीच्या नव्या प्रकारानं असं विष तयार केलं की ते नेमकं याच प्रथिनाला धरून भिंतीला भोक पाडायचं. एका हंगामात देशाचं सुमारे १५ टक्के मक्याचं पीक गेलं. त्यानंतर अमेरिकेत पुन्हा मजुरांकडून मक्याचे तुरे खुडणं सुरू झालं. आमच्याकडं त्याच सुमाराला संकरित बाजरीवर गोसावी रोग पडला आणि लोकांनी तिथंही आईलाच धरलं. तो दोष पेशीद्रव्याचा नव्हता, हे नंतर दिसून आलं.

दुखणं मायटोकाँड्रियात, तर फक्त परागच का मरतो? पानं, मूळ, दाणा, सगळ्यांत तेच मायटोकाँड्रिया असतात. मक्यात मोजणी झाली आहे: परागकोशात पराग घडण्याच्या दिवसांत तिथल्या पेशींमधले मायटोकाँड्रिया वीस ते चाळीस पटींनी वाढतात. लग्नघरच्या चुलीसारखं. रोजच्या स्वयंपाकाला गळकी चूल चालून जाते, पंगतीच्या दिवशी विझते. असंच होत असावं, असं मानतात. आणि मायटोकाँड्रिया असलं आगंतुक जनुक बाळगतात कशाला? ते फक्त आईकडून पुढं जातात. परागाचं काय झालं याचं त्यांना सोयरसुतक नाही.

दुसरा अर्धा भाग, उताऱ्याचा, माझ्या पुतणीनं मला सांगितला. ती वनस्पतींच्या जनुकांवर संशोधन करते. २००६च्या दिवाळीत घरी आली होती, ओसरीवर बसून माझ्या जुन्या डायऱ्या चाळत होती. "काका," ती म्हणाली, "तुमचा मोठा आर सापडला." टेक्ससमधल्याच संशोधकांनी आदल्या वर्षी ज्वारीतल्या त्या जनुकाचा ठाव लावला होता. त्याआधी २००२ मध्ये पेटुनियात, मग मुळ्यात, मग भातात असंच काही निघालं होतं, आणि चारही ठिकाणी जनुक एकाच घराण्याचं. त्या घराण्याला पीपीआर म्हणतात.

तिनं समजावलं ते तलाठ्याच्या भाषेत, कारण मला तीच कळते. पेशीच्या मधोमध मोठं दप्तर आहे, केंद्रक. मायटोकाँड्रियाचं आपलं वेगळं छोटं दप्तर आहे. दप्तर जागचं हलत नाही. काम करायचं तर सातबाराचा उतारा काढावा लागतो. जनुकाचाही तसाच उतारा निघतो, त्याचं नाव आरएनए. प्रथिन बनतं ते उताऱ्यावरून. आगंतुक जनुक मायटोकाँड्रियाच्या दप्तरात कायम आहे, ते कुणी खोडू शकत नाही. मग केंद्रक आपला माणूस पाठवतं. तो माणूस दप्तराला हात लावत नाही, उतारा गाठतो.

मी म्हटलं, म्हणजे उताऱ्यावर उतारा! ती हसली, पण माझ्याकडून तो शब्द तिनं उचलला आणि आता ती विद्यार्थ्यांना तसंच सांगते म्हणे.

हा माणूस उतारा ओळखतो कसा, हे तिला तेव्हा नीट सांगता आलं नाही, कारण ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रथिनाची घडण मात्र ठाऊक होती. ओसरीच्या कोपऱ्यात माय तुळशीची माळ ओढत बसली होती. "आजीच्या माळेसारखं," पुतणी म्हणाली. एकच मणी पुन्हा पुन्हा. प्रत्येक मणी साधारण पस्तीस अमायनो आम्लांचा, म्हणून ग्रीक पस्तीसावरून पीपीआरचं लांबलचक नाव: पेंटाट्रायकोपेप्टाइड रिपीट. इयन स्मॉल आणि निमो पीटर्स यांनी २००० साली हे नाव दिलं. प्रत्येक मण्यात दोन छोट्या वळकट्या पाठीला पाठ लावून. असे दहा-वीस मणी एकावर एक बसले की सगळ्या प्रथिनाला जिन्यासारखा पीळ पडतो आणि पिळाच्या आतल्या बाजूनं आरएनएचा धागा ओवला जातो. माणसाच्या पेशीत या घराण्याची प्रथिनं सातेक. मोहरीच्या कुळातलं एक तण आहे, अरॅबिडॉप्सिस, प्रयोगशाळांचं लाडकं; त्याच्यात साडेचारशेच्या आसपास! झाडांना एवढी कशाला लागतात? कारण त्यांना मायटोकाँड्रियाबरोबर हरितद्रव्याची कोठारंही सांभाळायची असतात, आणि दोन्हींकडचे उतारे कच्चे निघतात: कुठं कापायचे, कुठं एखादं अक्षर दुरुस्त करायचं, कुठं टोक कुरतडलं जाऊ नये म्हणून धरून बसायचं. यातलं एखादं प्रथिन बिघडलं तर रोप पांढरंफेक उगवतं आणि आठवड्यात मरतं. अशी दुधासारखी रोपं मी वाफ्यांत पाहिली आहेत. प्रत्येकाचं कारण हेच असेल असं नाही, पण पाहिली तेव्हा मी त्यांना नुसतं 'खराब' म्हणून वगळलं होतं.

२०१३च्या उन्हाळ्यात पुतणी पुन्हा आली तेव्हा गोष्ट पुरी झाली होती. आदल्या वर्षी अमेरिकेत ऑरेगनच्या ॲलिस बार्कन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मण्यांची लिपी वाचली. एक मणी, उताऱ्यातलं एक अक्षर. मण्यातल्या पस्तीस जागांपैकी दोनच जागा अक्षर ठरवतात. तिथं थ्रिओनिन आणि ॲस्पराजिन असेल तर मणी ए या अक्षराला धरतो. थ्रिओनिन आणि ॲस्पार्टेट असेल तर जी ला. ॲस्पराजिन-ॲस्पार्टेट असेल तर यू, ॲस्पराजिन-सेरिन असेल तर सी. थोडीफार सरमिसळ होते, पण नियम हाच. म्हणजे माळेतले मणी क्रमानं वाचले की ती कोणत्या उताऱ्याच्या कोणत्या ओळीवर बसणार, हे बऱ्यापैकी सांगता येतं. तिनं हे माझ्या डायरीच्या मागच्या पानावर लिहून दिलं. पुढच्या पानावर १९९१ सालच्या एका प्लॉटमधल्या शेडरची मोजणी आहे.

असली लिपी प्राण्यांतही आहे, असं ती म्हणाली. फळमाशीत पुमिलिओ नावाचं प्रथिन आहे, त्याला आठच मणी, घडण वेगळी, पण रीत तीच: मण्यागणिक अक्षर. अळीच्या पोटाचा भाग नीट घडावा म्हणून ते एका जनुकाच्या उताऱ्यावर लगाम ठेवतं. मला माशीत रस नव्हता. मी विचारलं, उतारा गाठून हा माणूस करतो काय?

तर प्रत्येक पिकात वेगळं. भाताच्या एका वांझ वाणाचं पेशीद्रव्य बंगालमधल्या चिन्सुऱ्याच्या बोरो भातातून आलं आहे. त्यात आगंतुक जनुक एका कामाच्या जनुकाला चिकटून बसलंय. दोघांचा मिळून एकच लांब उतारा निघतो. आर कडून येणारं प्रथिन त्या उताऱ्यावर बसतं आणि उतारा मधोमध कापला जातो. कामाचा भाग राहतो, आगंतुकाचा वाया जातो. मुळ्यात मात्र उतारा कापला जात नाही, तो अख्खाच राहतो. तिथं प्रथिन उताऱ्यावर नुसतं आडवं बसतं, आणि प्रथिन घडवणारं यंत्र पुढं सरकूच शकत नाही. आमच्या तालुक्याच्या कचेरीत दोन्ही तऱ्हेची माणसं होती, म्हणून मला हे पटकन समजलं.

बी वाणाला ही माळ नसते. असते ती तुटकी किंवा दुसऱ्याच उताऱ्यासाठी ओवलेली. मावशी पहाटे जे शेडर उपटायची त्यांच्यात माळ नव्हती, दुखणंही नव्हतं. बाजूच्या दोन ओळींत उभ्या असलेल्या नरांच्या प्रत्येक परागकणात ती होती. चार ओळी आणि दोन ओळी यांच्यात फरक होता तो या मण्यांचा.

उतारा दुखण्याला नेमका बेतलेला असतो, हे मात्र मला पुतणीच्याही आधी ठाऊक होतं, मालदांडीमुळं. मालदांडी ३५-१ मोहोळच्या केंद्रावर १९३०च्या दशकात निवडली गेली. सोलापूर-नगर-बीडकडची रब्बी ज्वारी म्हणजे अजूनही तीच. मोत्यासारखा दाणा, कडबा गोड. तिला मागं टाकेल असं रब्बी हायब्रीड काढायचा प्रयत्न किती वर्षं चालला, आणि शेतकऱ्यानं त्याकडं पाहून न पाहिल्यासारखं केलं. पण गंमत अशी की ज्वारीच्या शास्त्रज्ञांनी वांझ पेशीद्रव्यांचे जे गट पाडले आहेत त्यातल्या चौथ्या गटात, ए-फोर मध्ये, मालदांडीचं नाव आहे. तिच्याही पोटात दुखणं आहे, मिलोपेक्षा वेगळं. आणि मिलोचा नेहमीचा उतारा तिथं लागू पडत नाही. मिलोवर पराग भरून देणारे नर मालदांडीच्या पेशीद्रव्यावर बहुतेक करून हात टेकतात. आमच्या एका साहेबांनी हे ऐकून 'देशी दुखण्याला विलायती औषध कसं चालेल' असा टोमणा मारला होता. मिलो आफ्रिकेची आहे, विलायतेची नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते माझा गोपनीय अहवाल लिहीत.

आता आमच्याकडं ज्वारीचा प्लॉट दिसत नाही. खरिपाची ज्वारी सोयाबीन आणि कपाशीनं खाल्ली, आणि ज्वारीच्या बियाण्याचं काम तेलंगणात, निजामाबादच्या आरमूरकडं गेलं. देऊळगाव राजाच्या रस्त्याला पांढऱ्या जाळ्यांची शेडनेट उभी आहेत. आत मिरची, टोमॅटो, ढोबळी. तिथं बायका चिमटा घेऊन एकेक कळी सोलतात. म्हणजे आईत दोष शोधायची गरजच नाही, बोटं स्वस्त आहेत. भातात मात्र मिलोसारखाच खेळ चालू आहे. कर्जतच्या केंद्राची 'सह्याद्री' ही संकरित भाताची जात अशाच वांझ आईची लेक, फक्त पेशीद्रव्य चीनमधल्या हैनान बेटावर सापडलेल्या एका रानभाताचं.

मागच्या हिवाळ्यात एका जुन्या प्लॉटवाल्यांच्या नातवाबरोबर मी आरमूरला गेलो होतो. तो तिथं बियाणं उचलतो. पहाटे साडेसहाला आम्ही मादी ओळींत उभे होतो, दव होतं, आणि ओळीतल्या मजूर बाया तेलुगूत काहीतरी बोलत पुढं चालल्या होत्या. नातू मोबाइलवर फोटो काढत होता. मी सवयीनं खिशात हात घातला, डायरी नव्हती. मग त्याचा मोबाइल मागून घेतला, काळा पडदा वर करून कणसाखाली धरला आणि टिचकी मारली. पडदा कोरडा राहिला. पुढचं कणीस, तेही कोरडं. सातव्या की आठव्या कणसाला पडद्यावर पिवळं सांडलं. मी काही म्हणायच्या आत पुढची बाई मागं फिरली, तिनं ते झाड मुळासकट उपटलं आणि शेंडा खाली धरून बांधाकडं निघाली.